उपनगरांच्या नद्या आणि पाण्यातील वन्य जीव

वन्य जीव सप्ताह जवळ आला की मुंबईच्या उपनगरांत बिबट्याविषयी पुष्कळ बोलले जाते. ते स्वाभाविकही आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान दाट वस्तीला खेटून उभे आहे आणि मुलुंड, भांडुप, गोरेगाव येथील रहिवाशांना बिबट्याचे दर्शन अधूनमधून घडत असते. परंतु मित्रहो, याच उपनगरांत पाण्याच्या आश्रयाने राहणारे जे प्राणी आहेत, त्यांचे नाव अशा प्रसंगी सहसा कोणी काढीत नाही. पवई तलावातील मगर, तलावांतील कासवे, ठाण्याच्या खाडीवर उतरणारे रोहित पक्षी, कांदळवनात फिरणारे कोल्हे हे सर्व याच महानगराचे रहिवासी होत. बिबट्याला धोका असतो तो रस्त्यावरील वाहनाचा किंवा फासाचा. तो डोळ्यांना दिसतो. पाण्यातील प्राण्यांचा शत्रू मात्र पाण्यात विरघळलेला असतो, आणि म्हणूनच त्याची दखल उशिरा घेतली जाते.

या शत्रूची ओळख पटवून देणारा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे पाणमांजर. कोकणात त्याला ऊद असेही म्हणतात. येथे एक खुलासा करणे इष्ट होईल. उदमांजर या नावाचा जो प्राणी आहे तो निराळा. तो झाडावर राहणारा, फळे खाणारा निशाचर आहे. पाणमांजराचे सारे आयुष्य पाण्याच्या काठी जाते. महाराष्ट्राच्या नद्यांत व खाड्यांत आढळणारे नितळ अंगाचे पाणमांजर सात ते अकरा किलो वजनाचे असते. ते कुटुंबाने राहते, कुटुंबाने शिकार करते. मासे, खेकडे, बेडूक हा त्याचा आहार. पूर्ण वाढलेल्या एका जनावराला दिवसाकाठी सुमारे एक किलो मासळी लागते. काठावरील झाडांच्या मुळांत किंवा दगडांच्या कपारीत ते बीळ करते. खाडीचे मुख, कांदळवन, संथ वाहणारी नदी अशी जागा त्याला विशेष मानवते. मुंबईभोवतालच्या खाड्यांची ठेवण पाहिली तर त्या अशाच प्राण्याच्या राहण्याजोग्या आहेत. तरीही पाणमांजराचे कुटुंब पाहावयाचे झाल्यास आज सिंधुदुर्गातील तिलारीच्या खोऱ्याकडे किंवा गोव्यात मांडवीतील चोडण बेटाकडे वळावे लागते. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना उपनगरांच्या चारही नद्यांच्या काठाने थोडे चालून पाहिले पाहिजे.

दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या त्या चार नद्या. चौघींचाही उगम राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा त्याला लागून असलेल्या आरेच्या डोंगराळ भागात आहे. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने निघून बोरिवली व दहिसरमधून पश्चिमेच्या खाडीला मिळते. पोईसर कांदिवलीतून आणि ओशिवरा गोरेगाव व जोगेश्वरीतून मालाडच्या खाडीकडे जाते. मिठीला विहार व पवई या दोन्ही तलावांचे ओसंडलेले पाणी मिळते. साकीनाका, कुर्ला, वाकोला असा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमला समुद्रात शिरते. उद्यानाच्या हद्दीत या प्रवाहांचे पाणी असे असते की तळाचे गोटे दिसावेत. उद्यानाचे कुंपण ओलांडले की हे चित्र पालटते. काही अंतर गेल्यावर पाण्याचा रंग बदलतो, मग वास बदलतो, आणि पुढे तर तिला नदी म्हणणेही लोक सोडून देतात. मिठी ही नदी आहे याची आठवण अनेक मुंबईकरांना २६ जुलै २००५ रोजी झाली. त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाला समजली गेलेली मिठी घराघरांतून शिरली.

या पाण्यात नेमके काय मिसळते? पहिला आणि सर्वांत मोठा वाटा घरगुती सांडपाण्याचा आहे. शहरात मलवाहिन्या वेगळ्या आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या असाव्यात, अशी मूळ योजना आहे. परंतु ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोहोचलेलीच नाही, तेथील सांडपाणी जवळच्या नाल्यात जाते. आणि जेथे ती पोहोचली आहे तेथेही कित्येक इमारतींची जोडणी चुकीने किंवा सोयीने पावसाळी गटारालाच दिलेली आढळते. दुसरा वाटा गोठ्यांचा. गोरेगाव, जोगेश्वरी, दहिसर या भागांतील म्हशींच्या तबेल्यांतून शेण आणि मूत्र थेट प्रवाहात जाते. तिसरा वाटा लहान उद्योगांचा. साकीनाका व कुर्ला परिसरात मिठीच्या काठी रसायनांची रिकामी पिंपे धुणारे, भंगार तोडणारे, वापरलेले तेल हाताळणारे असंख्य छोटे व्यवसाय आहेत. मोठा कारखाना असेल तर त्याच्या दारी निरीक्षक जाऊ शकतो, नमुने घेऊ शकतो. दहा बाय दहाच्या गाळ्यात चालणाऱ्या धंद्याच्या दारी तो किती वेळा जाणार?

सांडपाण्याने मासा कसा मरतो, हे समजून घेतल्याखेरीज या विषयाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. विष्ठा, खरकटे, शेण या पदार्थांचे विघटन सूक्ष्म जीव करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. या प्राणवायूच्या मागणीवरून पाण्याची घाण मोजली जाते. स्नानायोग्य नदीच्या पाण्यात ही मागणी लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान पाच मिलिग्रॅम असावा, असा मापदंड केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिला आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्यात ही मागणी दोनशेच्या घरात असते. असे पाणी उन्हाळ्यातील क्षीण प्रवाहात शिरले की सूक्ष्म जीव सारा प्राणवायू फस्त करतात आणि मासे गुदमरतात. जे तग धरतात ते हवेतून श्वास घेऊ शकणारे मांगूरसारखे मासे, किंवा बाहेरून आलेला आणि कोठेही जगणारा तिलापिया. पाणमांजराला पाणी नुसते ओले असून चालत नाही; त्यात मासळी असावी लागते. नदीतून मासा गेला की त्याच्यामागून पाणमांजर जाते, आणि त्यासाठी कोणी बंदूक उचलण्याची आवश्यकता राहत नाही.

विषारी द्रव्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पाण्यातील कीटकनाशके व जड धातू प्रथम गाळात, मग गाळातील किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातात. साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या प्राण्याच्या शरीरात त्यांचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या कित्येक पट झालेले असते. इंग्लंडने हा अनुभव घेतला आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथे पेरणीच्या बियाण्याला आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही औषधे चोळली जाऊ लागली. ती नद्यांत उतरली आणि त्या दशकाच्या अखेरीपासून नद्यांकाठची पाणमांजरे झपाट्याने नाहीशी झाली. औषधांवर क्रमाक्रमाने बंदी आली, नद्या सुधारल्या. तरी पाणमांजर इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पुन्हा दिसू लागले हे जाहीर करण्यास २०११ साल उजाडावे लागले. विष पाण्यात मिसळण्यास काही वर्षे पुरली, ते निघण्यास अर्धे शतक लागले.

तेलाचे तर सांगावयासच नको. देवमाशाप्रमाणे पाणमांजराच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसतो. त्याच्या दाट केसांत अडकून राहणारी हवा हेच त्याचे उबदार वस्त्र. केसांना तेल लागले की ती हवा निघून जाते, पाणी कातडीला भिडते आणि जनावर गारठते. अंग चाटून ते तेल काढू पाहते, तेव्हा तेच तेल पोटात जाते. कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यातून नाल्यात ओतलेले इंजिनाचे काळे तेल खाडीत जाऊन काय करते, याची कल्पना ते ओतणाऱ्याला असण्याचे कारण नाही.

आता पवईकडे वळू. हा तलाव १८९१ साली मुंबईला पाणी पुरविण्यासाठी बांधण्यात आला. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. पवई त्यांतला धाकटा. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य राहिले नाही आणि ते इतर वापरासाठीच ठेवण्यात आले. विहार व तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत सुरक्षित राहिले. पवईच्या काठावर मात्र वसाहती, उपाहारगृहे, रस्ते, शिक्षणसंस्था सर्व काही आले. एकाच डोंगररांगेतील या तीन तलावांची आजची स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर पाणलोट क्षेत्र राखणे म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही समजेल. त्यासाठी निराळ्या पाठ्यपुस्तकाची आवश्यकता नाही.

अशा या पवईत मगरी आहेत, आणि त्या पाहुण्या नाहीत. गोड्या पाण्यातील ही मगर १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने तिला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. ती थंड रक्ताची असल्याने उन्हात पडून अंग तापविणे तिला अपरिहार्य असते. त्यासाठी मोकळा काठ किंवा पाण्यातील उंचवटा लागतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या काळात मादी काठावरील मऊ मातीत खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते. पिले नर होणार की मादी, हे त्या खड्ड्यातील उष्णतेवर अवलंबून असते. सुमारे दोन महिन्यांनी, पाऊस येण्याच्या सुमारास, पिले बाहेर पडतात आणि आई त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. एवढ्या क्रूर समजल्या जाणाऱ्या प्राण्याच्या जबड्याची ही कोमलता पाहण्यासारखी असते.

सांडपाणी या साऱ्या व्यवस्थेवर आघात करते तो जलपर्णीच्या रूपाने. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर अफाट वेगाने वाढते. पवईच्या पाण्यावर तिची हिरवी चादर पसरली की प्रकाश खाली जात नाही, प्राणवायू घटतो, मासळी कमी होते आणि मगरीच्या ऊन खाण्याच्या जागा झाकल्या जातात. दूरून पाहणाऱ्यास ते हिरवे कुरण वाटते. जलपर्णी काढण्यासाठी यंत्रे लावली जातात व तिचे ढीग काठावर येतात. पण सांडपाणी येणे थांबले नाही तर काही महिन्यांतच चादर पुन्हा विणली जाते. जलपर्णी हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. खर्च मात्र बहुतेक लक्षणावरच होत आला. तलावाकडे येणारे नाले अडवून ते पाणी मलवाहिनीत वळविणे हे काम कमी दिखाऊ असले तरी मुळाशी जाणारे आहे.

तलावाचा काठ हाही तलावाचाच भाग आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पवईच्या काठाने सायकलमार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले होते. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांशी विसंगत व बेकायदा ठरविले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल चालविणे चांगलेच. परंतु जेथे मगरीची मादी अंडी घालते, त्या मातीवरून नव्हे.

पूर्वेकडील घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड यांचे पाणी ठाण्याच्या खाडीत जाते. या खाडीचा १६९० हेक्टरांचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. कांदळवनांच्या रक्षणासाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष स्थापन केला, तोही उल्लेखनीय. मात्र रोहित पक्ष्यांच्या संदर्भात एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. छोटा रोहित निळी-हिरवी शैवाले खातो, आणि या शैवालांना सांडपाण्यातील नत्र व स्फुरदाचे खत मिळते. त्यामुळे खाडी बिघडत असतानाही पक्ष्यांचे थवे मोठे दिसू शकतात. गुलाबी थवे पाहून खाडीचे पाणी उत्तम आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच फसवे ठरेल. खाडीची खरी परीक्षा तिच्या मासळीत आहे.

ती परीक्षा रोज देणारे लोक म्हणजे काठचे कोळी. चिंबोरी, निवटी, बोय, कोळंबी यांवर कोळीवाड्यांतील अनेक घरे पिढ्यान्पिढ्या जगली. आता ओहोटीला जाळे उचलले की मासळीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या निघतात. काही दिवशी तर मासळीपेक्षा त्यांचेच वजन अधिक भरते. पाणमांजराचा आणि कोळ्याचा घास एकाच पाण्यातला. पाणमांजर जाळे फाडते, मासे पळविते म्हणून मासेमारांचा त्याच्यावर राग असतो, तो समजण्यासारखा आहे. परंतु ज्या पाण्यात पाणमांजराला पोटापुरते मिळत नाही, त्या पाण्यात कोळ्यालाही फार काळ मिळणार नाही. शिवाय या खाडीच्या काठावर देवनारचे १९२७ पासूनचे कचऱ्याचे डोंगर आहेत. त्यांतून झिरपणारे काळे पाणी भरतीबरोबर हलते. मुलुंडची कचराभूमी ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद करण्यात आली, हे त्या बाजूच्या रहिवाशांचे व खाडीचेही भाग्य म्हणावे लागेल.

एवढे सर्व ऐकून कोणी म्हणेल, की महानगर आणि पाणमांजर यांचे जमणारच नाही. या शंकेचे उत्तर सिंगापूरने दिले आहे. १९७७ मध्ये तेथील पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर व कल्लांग या नद्या दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे उद्दिष्ट ठरविले. त्या वेळी त्या नद्यांची अवस्था आजच्या मिठीहून फारशी निराळी नव्हती. डुकरे व बदके पाळण्याचे शेकडो गोठे हलविण्यात आले, काठच्या फेरीवाल्यांना नळ व गटार असलेल्या जागा देण्यात आल्या, झोपड्यांतील कुटुंबांना घरे मिळाली, तळाचा गाळ उपसला गेला. १९८७ मध्ये काम पुरे झाले. पाणमांजरांना परत आणण्याची कोणतीही योजना त्यात नव्हती. ती १९९० नंतरच्या दशकात आपण होऊन आली. ती तीच जात आहे जी महाराष्ट्राच्या नद्यांत आहे, आणि आज तेथे उंच इमारतींच्या सावलीत तिची शंभराहून अधिक जनावरे राहतात. सिंगापूरचा आकार लहान आणि शासनाची पकड घट्ट, हे खरे. मुंबईत एवढ्या माणसांना हलविणे सोपे नाही आणि त्यांच्या चरितार्थाचा विचार न करता ते करूही नये. तबेलेवाल्याला शेणापासून वायू व खत करण्याची सोय दिली, पिंपे धुणाऱ्याला एकत्रित प्रक्रियेची जागा दिली, तर त्यांना नदी नको आहे असे नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत पूर्वी पुढाकार घेतलेला आहे. जलप्रदूषणास प्रतिबंध करणारा राज्याचा स्वतःचा अधिनियम १९६९ चा. केंद्राचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये आला. या अधिनियमाखालील राज्य मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी अस्तित्वात आले. कायदा होता, तरी सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता शहराच्या वाढीबरोबर वाढली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतील सात मलप्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज २४६ कोटी लिटरांहून अधिक आहे. त्यांत उपनगरांच्या वाट्याला मालाड, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा व वांद्रे ही केंद्रे येतात. एकट्या मालाडची क्षमता ४५ कोटी लिटरांची. ही केंद्रे उभी राहिली की खाडीत जाणारे पाणी निश्चितच सुधारेल. परंतु केंद्र कितीही मोठे असले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच पाणी शुद्ध करू शकते. जे सांडपाणी मलवाहिनीत न शिरता नाल्यावाटे पोईसर किंवा मिठीत जाते, त्याला या केंद्रांचा काही उपयोग नाही. म्हणून नाल्याच्या तोंडाशी ते अडविणे आणि गल्लीगल्लीतील जोडण्या तपासणे हे कंटाळवाणे काम मोठ्या केंद्राइतकेच महत्त्वाचे ठरते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने आपल्या इमारतीची मलवाहिनी कोठे जाते, हे नकाशा काढून पाहावे. कित्येकदा उत्तर अनपेक्षित असते.

आणखी एक बाब अभियंत्यांच्या कानावर घालण्यासारखी आहे. २००५ च्या पुरानंतर नद्यांच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उभारण्यात आल्या. पूर घराबाहेर ठेवणे आवश्यकच होते. मात्र सरळ उभ्या भिंतीत कासवाला वर चढता येत नाही, पाणमांजराला बीळ करता येत नाही, आणि पाणी गाळून घेणारी काठची झाडे तर भिंत बांधतानाच जातात. जेथे जागा आहे, निदान उद्यानाच्या व आरेच्या लगत, तेथे दगड-मातीचा उतरता काठ आणि त्यावर करंज, उंबर यांसारखी झाडे राखणे अशक्य नाही.

पवईत हे सर्व एकत्र पाहावयास मिळते, आणि तेथील कामाला वेळेचेही बंधन आहे. पावसाळा सरला की तलाव भरलेला असतो व जलपर्णी काढण्याची मोहीम सुरू होते. नाल्यांची वळवणी आणि काठची खोदाईही याच कोरड्या महिन्यांत करावी लागते. ही खोदाई, यंत्रांची ये-जा आणि जलपर्णीचे ढीग हलविणे जानेवारीअखेर आटोपले पाहिजे. फेब्रुवारीत मगरीची मादी काठाची माती हुंगत फिरू लागते, आणि तिला तेथे ढीग नव्हे, मोकळी माती हवी असते.